आमची बाग : घटपर्णीचा एक हंगाम

आमच्या घरीं चातुर्मासांत कांदा-लसूणही चुलीवर चढत नाहीं. अशा घरांत गेल्या ज्येष्ठ महिन्यांत एक मांसाहारी पाहुणी येऊन मागील सज्ज्यांत टांगली गेली. तिची वार्ता स्वयंपाकघरांत पोंचतांच माझ्या आईनें हातांतील जपमाळ थांबविली व विचारलें, “अरे, ती खाते तरी काय?”

“मुंग्या, चिलटें, एखादी माशी,” मीं उत्तर दिलें.

“आणि तूं त्या पकडून तिला देणार?”

“नाहीं आई, तिचें अन्न तीच मिळविते.”

आईनें यावर कांहीं न बोलतां माळ पुढें चालविली. परंतु हा विषय मिटला नाहीं, हें तिच्या मुद्रेवरून मला कळून चुकलें. तो पुढें कसा मिटला, हें ओघानें येईलच.

आजवर या सदरांत आपण शेवंती, मोगरा, जास्वंद अशा सोज्वळ मंडळींच्या संगोपनाविषयीं बोलत आलों. आज जिच्याविषयीं लिहावयाचें आहे ती घटपर्णी निराळ्याच कुळांतील, आणि तिच्यापासून मिळालेला धडाही निराळा. इतर झाडांच्या बाबतींत त्यांना काय द्यावें, हें आपण शिकतों. हिच्या बाबतींत काय देऊं नये, हें शिकावें लागतें. हा धडा मी एका झाडाचा जीव घेऊन शिकलों, हें प्रथमच कबूल केलेलें बरें.

तीन वर्षांपूर्वीं मीं पहिली घटपर्णी घरीं आणिली. पानांच्या टोकांस लोंबणारे सहा हिरवे-तांबूस घट, प्रत्येकावर लहानसें झांकण, कांठाला लालसर गोट! मुलांना तर तिनें वेडच लाविलें. मीही वीस वर्षांच्या बागकामाच्या अभिमानानें तिच्या सरबराईस लागलों. कुंडी लहान वाटली म्हणून मोठ्या कुंडींत हलविली. तींत मुरलेलें शेणखत व घरीं तयार केलेलें गांडूळखत घातलें, वरून निंबोळीची पेंड पसरली. पाणी अर्थात्‌ आमच्या बोअरिंगचें, जें बाकीच्या सर्व झाडांना आजवर चालत आलें आहे. धाकट्या चिरंजीवांनीं तर कमालच केली. पाहुणीस उपाशी ठेवूं नये, या सद्‌हेतूनें त्यांनीं रोज एका घटांत दहीभाताचीं चार शितें सोडण्याचा परिपाठ ठेविला, आणि रविवारीं पनीरचा तुकडा.

आठच दिवसांत त्या घटांतून दुर्गंधि येऊं लागली. महिन्याभरांत सगळे घट एकामागून एक वाळले. मीं पाणी वाढविलें. पानांच्या कडा काळ्या पडल्या. मीं आणखी मूठभर खत दिलें. दिवाळीच्या सुमारास एके सकाळीं सहज खोडाला हात लाविला, तों तें मुळासकट सुटून हातांत आलें. मुळें काळीं पडून कुजलेलीं होतीं.

त्या कुंडीपुढें उभा असतां मला पहिल्यानें वाटलें कीं, झाडच नाजुक होतें. नंतर पुस्तकें उघडलीं, तेव्हां कळलें कीं झाड नाजुक नव्हतें. माझें औदार्यच त्याला सोसलें नाहीं.

घटपर्णीचा घट हें फूल नव्हे, फळही नव्हे. तो पानाचाच एक भाग आहे. आपणांस जें हिरवें, लांबट पान दिसतें, तो वस्तुतः पानाच्या बुडाचा पसरलेला भाग होय. त्याची मधली शीर टोकाबाहेर निघून दोरीसारखी लोंबते, आणि त्या दोरीच्या अग्रास घट धरतो. घट वाढत असतो तोंपर्यंत त्याचें झांकण घट्ट मिटलेलें असतें व आंत रस सांठत असतो. घट पुरता वाढला कीं झांकण उघडतें. आणि एकदां उघडलेलें झांकण पुन्हां कधींही मिटत नाहीं. किडा आंत पडतांच झांकण खाडकन्‌ बंद होतें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. अशीं मिटणारीं पानें अमेरिकेंतील व्हीनस फ्लायट्रॅप नामक वनस्पतीचीं. घटपर्णीचें झांकण हें दार नसून छप्पर आहे. पावसाच्या पाण्यानें आंतील रस फार पातळ होऊं नये, हें त्याचें मुख्य काम.

खरा सांपळा आहे तो कांठांत. कांठावर व झांकणाच्या खालच्या अंगास मध स्रवतो, आणि त्याच्या लोभानें मुंग्या येतात. कांठ कोरडा असतो तोंवर त्या निर्धास्तपणें हिंडतात, मध चाटतात व आल्या वाटेनें परत जातात. परंतु पावसानें किंवा दमट हवेनें कांठ ओला झाला कीं त्यावरील बारीक रेघांतून पाण्याचा एकसंध पातळ थर पसरतो, आणि शेवाळलेल्या घाटावर माणसाचा पाय सरकावा तसा मुंगीचा पाय सरकतो. बोन व फेडर्ले या दोघां शास्त्रज्ञांनीं २००४ सालीं प्रयोग करून हें दाखवून दिलें. कांठाखालीं घटाच्या आंतल्या भिंतीवर मेणासारखा थर असतो. तेथें नखें रोवत नाहींत. तळाशीं रस, आणि त्या रसांत मांस विरघळविणारीं पाचक द्रव्यें. किड्याच्या देहांतील नत्र व स्फुरद अशा रीतीनें घटाच्या भिंतींतून वेलींत जातें.

या वनस्पतींस नेपेंथिस हें शास्त्रीय नांव अठराव्या शतकांत लिनियसनें दिलें. ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यांत हेलन दुःख विसरविणारें एक औषध मद्यांत मिसळते, त्या औषधाच्या नांवावरून हें नांव घेतलेलें आहे. परंतु हे घट कशासाठीं आहेत, याचा उलगडा होण्यास आणखी शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. १८७४ सालीं बेलफास्ट येथें भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेंत जोसेफ हुकर यांनीं आपले प्रयोग सांगितले. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग व मांसाचे तुकडे घटांत टाकून ते रसांत कसे विरतात, हें त्यांनीं पाहिलें होतें. दुसऱ्याच वर्षीं, १८७५ सालीं, चार्लस डार्विन यांचा कीटकभक्षक वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि वनस्पति प्राण्यांस खाऊं शकते ही गोष्ट विद्वानांना मान्य करावी लागली.

हा सर्व खटाटोप वनस्पतीनें कां करावा? कारण जेथें या वेली वाढतात, तेथील जमिनींत कस नसतो. पाऊस उदंड पडतो, आणि मातींतील सत्त्व तोच धुऊन नेतो. उजेड व पाणी भरपूर असल्यामुळें पानें आपलें अन्न तयार करितात. उणीव राहते ती नत्र-स्फुरदाची. ती भरून काढण्यासाठीं वेलीनें पानाचा घट केला. घट हा तिच्या चैनीचा अलंकार नसून गरिबींतून निघालेला मार्ग आहे. अशा झाडाच्या मुळाशीं खत घातलें तर कसदार मातीची संवय नसलेलीं मुळें तें सोसूं शकत नाहींत. आणि थोडेंसें सोसलें, तरी झाड घट धरण्याचें कमी करितें. जमिनींतून आयतें मिळूं लागल्यावर घट घडविण्याचे कष्ट तें कशाला करील?

अशा वनस्पति दूरदेशींच असतात असेंही नाहीं. साताऱ्याजवळील कासच्या पठारावर भाद्रपदांत फुलें पाहावयास जाणारीं कुटुंबें आतां पुष्कळ आहेत; २०१२ सालीं पश्चिम घाटांतील निवडक स्थळांस जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कासही आहे. तेथें जांभ्या खडकावरील ओलसर, पातळ मातींत जांभळ्या फुलांचे ताटवेच्या ताटवे दिसतात. त्या फुलांस आपण ‘सीतेचीं आसवें’ म्हणतों. इतकें करुण नांव धारण करणारी ही इवलीशी वनस्पतिही कीटकभक्षक आहे. तिच्या मुळाकडील भागास मोहरीहूनही लहान अशा पोकळ पिशव्या असतात, आणि ओल्या मातींतील सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात. त्याच पठारावर चिकट थेंबांनीं चमकणारी दवबिंदूही सांपडते. जांभ्यावरील मातींत कस नाहीं; तेव्हां येथेंही कारण तेंच.

हें सारें समजून घेतल्यावर गेल्या मृगाच्या तोंडावर मीं दुसरी घटपर्णी आणिली. ही ‘व्हेंट्राटा’ नांवाची जात. फिलिपीन्स बेटांतील दोन जातींच्या संकरापासून ती झालेली असून रोपवाटिकांतून छाटकलमांनीं वाढविली जाते. पुण्यासारख्या ठिकाणीं नवख्यानें हिच्यापासूनच आरंभ करावा, कारण ऊन व थंडी ही दोन्ही ती बऱ्यापैकीं सोसते. बाजारांत कधीं कधीं जमिनींतून सरळ उभ्या राहणाऱ्या नळ्यांची अमेरिकन घटपर्णी दिसते; ती सारासेनिया. तिची राहणी अगदीं वेगळी. ती पाण्याच्या ताटलींत आनंदानें उभी राहते. परंतु हिंवाळ्यांत तिला कांहीं महिने चांगल्या थंडींत विश्रांति लागते, आणि ती आपल्याकडे देणें कठीण. तिचा मोह नवख्यानें टाळावा.

या खेपेस कुंडींत माती नाहीं, शेणखत नाहीं, पेंड नाहीं. नारळाच्या सोडणांचे बोराएवढे तुकडे दोन भाग, स्फॅग्नम जातीचें वाळविलेलें शेवाळ दोन भाग आणि परलाइट एक भाग, एवढेंच मिश्रण. सोडणांत खारटपणा असतो, म्हणून तीं तीन दिवस पावसाच्या पाण्यांत भिजत ठेविलीं व रोज पाणी बदललें. टोपलीवजा टांगती कुंडी पूर्वेच्या सज्ज्यांत अडकविली. तेथें सकाळीं दहापर्यंत कोवळें ऊन येतें. त्यानंतर हिरव्या जाळीची सावली. कुंडीखालीं ताटली ठेविली नाहीं. मुळांना ओल हवी असते, तुंबलेलें पाणी नको असतें. शिवाय ताटलींत डांसांची पैदास होते, तें वेगळेंच.

घरीं आणल्यापासून तीन आठवड्यांत झाडावरील चारही जुने घट वाळले. माझ्या मनांत पाल चुकचुकली. हात एकसारखा खताच्या डब्याकडे जाऊं लागला. परंतु या वेळीं मला ठाऊक होतें कीं रोपवाटिकेंतील दमट हवेंतून घरच्या हवेंत आल्यावर जुने घट जातातच. पानें हिरवीं आहेत तोंवर चिंतेचें कारण नाहीं. मीं वाळलेले घट कात्रीनें काढून टाकिले व स्वस्थ बसलों. बागकामांत स्वस्थ बसणें हें सर्वांत अवघड काम आहे, हें अनुभवी वाचकांस सांगावयास नकोच.

आषाढी एकादशीच्या दिवशीं नव्या पानाच्या दोरीच्या टोकाशीं जोंधळ्याच्या दाण्याएवढा फुगवटा दिसला. पुढें पंधरा दिवस पावसाची झड लागली होती. त्या हवेंत तो दाणा रोज थोडथोडा वाढूं लागला. आधीं चपटा, केसाळ, नंतर शेंगेसारखा, मग खालून वर वळत जाऊन सरळ उभा राहिला. श्रावणांत त्यांत जणूं कोणी हवा फुंकावी तसा तो फुगला; मध्यें किंचित्‌ कंबर दिसूं लागली व अंगावर तांबूस झांक आली. मुलांनीं त्याच्या वाढीची वही ठेविली होती, आणि दर रविवारीं पट्टीनें माप घेऊन ती नोंद करीत होतीं. राखीपौर्णिमेच्या सकाळीं माझी मुलगी सज्ज्यांतून ओरडली, “बाबा, झांकण उघडलं!” आम्ही सर्व धांवलों. रात्रींतून झांकण वर उचललें गेलें होतें. कांठाची वळी अद्याप नरम, फिकट हिरवी व पुरती वळलेली नव्हती. आंत डोकावलों, तों तळाशीं चमचाभर स्वच्छ रस, पाण्यासारखा नितळ. त्यांत अजून एकही मुंगी पडली नव्हती. पुढील चार-पांच दिवसांत कांठ बाहेर वळून कडक झाला आणि त्यावर विटकरी रंगाच्या रेघा उमटल्या. पहिला फुगवटा दिसल्यापासून झांकण उघडेपर्यंत सुमारें पांच आठवडे लागले.

भाद्रपदांत गौरींच्या दर्शनास आलेल्या सुवासिनींनीं आधीं गौरी पाहिल्या व मग सज्जा पाहिला. तोंवर तीन घट उघडले होते. नवरात्रांत देवघरांत एक घट बसला, तेव्हां सज्ज्यांत चार लोंबत होते. त्यावरून घरांत पुष्कळ थट्टाही झाली.

या दिवसांत आईनें एक नवाच क्रम धरिला. संध्याकाळीं ती सज्ज्यांत स्टुलावर बसे व मुंग्यांची ये-जा पाहत असे. एके दिवशीं दुपारभर ऊन पडलें होतें. कांठावर मुंग्यांची रांग लागली होती, आणि तासभर पाहूनही एकही आंत पडली नाहीं. “ही काय खाते? हिच्याकडेच सगळे जेवून जात आहेत,” असें आई म्हणाली. इतक्यांत पावसाची सर आली. सर थांबल्यावर त्याच वाटेनें मुंग्या पुन्हां आल्या, आणि पाहतां पाहतां सात मुंग्या निसटून आंत गेल्या. आई बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “कोळी जाळं विणतो, पाल भिंतीवर बसते. त्यांना का आपण घराबाहेर काढतों? ज्याच्या वाट्याला जसं आलं, तसं त्यानं खावं. आपल्या हातानं मात्र कोणी तिला कांहीं घालायचं नाहीं. एवढं मुलांना सांग.”

मला हंसूं आलें. पुस्तकेंही तेंच सांगत होतीं. उघड्या हवेंत टांगलेल्या घटपर्णीस हातानें भरविण्याची मुळींच गरज नसते. दोन-चार आठवड्यांत एखादा किडा मिळाला तरी तिचें भागतें, आणि तो ती स्वतः मिळविते. शिजविलेलें अन्न, दूध, पनीर यांनीं घट सडतो. आईचा नियम धर्माच्या वाटेनें आला व माझा शास्त्राच्या. परंतु दोन्ही वाटा एकाच ठिकाणीं पोंचल्या, आणि दहीभाताचा नैवेद्य कायमचा बंद झाला.

पाण्याविषयीं दोन शब्द स्वतंत्र लिहिलेच पाहिजेत, कारण बहुतेक घरांतून घटपर्णी मरते ती पाण्यानें. विहिरीच्या व बोअरिंगच्या पाण्यांतील क्षार कुंडींत सांचत जातात व मुळांना मारितात. आम्हीं श्रावणांत गच्चीवरील पावसाचें पाणी एका पिंपांत धरिलें. पहिल्या दोन-तीन सरींचें पाणी सोडून दिलें, आणि पिंपाचें तोंड डांसांसाठीं दुहेरी धोतरानें बांधून ठेविलें. तें पाणी मार्गशीर्ष अखेरपर्यंत पुरलें. ज्यांना हें शक्य नाहीं त्यांनीं घरच्या आर. ओ. यंत्राचें पाणी द्यावें, किंवा मोटारीच्या बॅटरींत घालण्याचें शुद्ध पाणी आणावें. पाण्यांतील क्षार मोजण्याचें खिशांत मावणारें यंत्र हल्लीं थोड्या पैशांत मिळतें. त्यावर पन्नासाच्या खालीं आंकडा आला तर तें पाणी निर्धास्तपणें घालावें.

आश्विनांतील उन्हानें हवा कोरडी झाली, तेव्हां दोन घट झांकणाकडून वाळूं लागले. घटाचें आयुष्यच कांहीं आठवड्यांचें, फार तर दोन-चार महिन्यांचें असतें. तेव्हां त्याचें दुःख करूं नये. वाळलेला भाग तेवढा कापावा व खालचा हिरवा भाग राहूं द्यावा, कारण आंतील रस अजून कामांत असतो.

आतां ज्या प्रसंगासाठीं मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला, तो सांगतों.

माझा भाचा गेल्या वर्षापासून नोकरीनिमित्त शिलाँगला आहे. भारतांत आपोआप उगवणारी घटपर्णीची जात एकच, आणि ती मेघालयाच्या खासी, जयंतिया व गारो टेंकड्यांत सांपडते. तिचें शास्त्रीय नांव नेपेंथिस खासियाना. खासी लोक तिला तिऊ-राकोट म्हणजे राक्षसाचें फूल म्हणतात. गारो लोकांत तिचें नांव मेमांग-कोकसी, म्हणजे भुताची टोपली. २०१३ सालीं केरळांतील पालोड येथील वनस्पति-उद्यानाच्या शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलें कीं, अतिनील प्रकाशांत हिच्या घटाचा कांठ निळा उजळतो; मुंग्यांना तो बोलावीत असावा. हें वाचल्यापासून ती वेल आपल्या सज्ज्यांत असावी असा ध्यास मला लागला होता, आणि तसें मीं भाच्यास बोलूनही दाखविलें होतें. लपवून काय उपयोग?

नवरात्राच्या सुमारास भाच्याचा फोन आला. “मामा, वाटेवर एकाकडे तुमची वेल पाहिली. रानांतून काढलेली आहे, मुळाला ओलं शेवाळ बांधलेलं आहे. फार पैसे नाहीं मागत. दिवाळीला येतांना आणूं का?”

मीं “उद्यां सांगतों” म्हटलें. तो उद्यां दोन दिवस लांबला. कारण काय उत्तर द्यावें हें मला पहिल्याच क्षणीं ठाऊक होतें, आणि तें देण्याची मनाची तयारी नव्हती.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत १९९१ सालीं दुरुस्ती होऊन ज्या मोजक्या वनस्पतींस संरक्षण मिळालें, त्यांत ही वेल आहे. परवान्यावांचून ती रानांतून उपटणें, विकणें किंवा घरीं बाळगणें हा गुन्हा होय. आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधींच्या साइट्स करारांतही ती सर्वांत कडक बंधनाच्या पहिल्या परिशिष्टांत आहे. दक्षिण गारो टेंकड्यांत बाघमारा येथें केवळ तिच्यासाठीं एक अभयारण्य राखलेलें आहे. त्याचें क्षेत्र अवघें कांहीं एकर. कोळशाच्या खाणी, नवे रस्ते आणि फिरती शेती यांनीं तिची जागा आधींच आकसली आहे, आणि त्यांत भर माझ्यासारख्या हौशी माणसांच्या हातांची. घटपर्णींत नर वेल वेगळी व मादी वेल वेगळी असते. एका टेंकडीवरील दोन-चार वेलींतून एक उपटली, तर मागें राहिलेल्यांस जोडीदार उरेलच असें नाहीं. मग फुलें येऊनही बीं धरणार नाहीं.

हें सर्व मला ठाऊक होतें. तरी मनांत वकिली चाललीच होती. वेल तर आधींच उपटलेली आहे. मीं न घेतली तर दुसरा कोणी घेईल. माझ्याकडे निदान ती जगेल तरी! दुसऱ्या दिवशीं रात्रीं जेवतांना मीं हीच वकिली घरांत मांडली. सौ. म्हणाली, “अहो, आज ही घेतली, तर उद्यां तो माणूस आणखी दोन उपटून आणील, गिऱ्हाईक आहे हें त्याला कळलं ना!” आईनें एवढेंच विचारलें, “ती वेल तिथं उपाशी आहे का रे?”

“नाहीं.”

“तिला पाऊस मिळतो?”

“आपल्यापेक्षां पुष्कळ जास्त.”

“मग तिला इथं आणून तूं काय देणार आहेस?”

मला उत्तर सुचलें नाहीं. पहिली घटपर्णी मीं देऊन देऊन मारली होती. ही दुसरी, कांहीं न देतां, जगली होती. आणि आतां तिसरीस मी जें देऊं करीत होतों, त्यांतील एकही गोष्ट तिला हवी नव्हती. हवी होती ती मला.

त्याच रात्रीं भाच्यास फोन करून नको म्हणून सांगितलें. त्यास थोडें वाईट वाटलें; मामाची हौस पुरवावी अशी त्याची मनापासून इच्छा होती. त्या माणसाकडील वेलीचें पुढें काय झालें, हें मला माहीत नाहीं. ती टोंचणी मनांत राहिली आहे, आणि ती राहावी हेंच योग्य. दिवाळीस भाचा आला तो पांच छायाचित्रें घेऊन. सुट्टीच्या दिवशीं एका ओळखीच्या खासी गृहस्थांबरोबर पायवाटेनें जाऊन त्यानें तीं काढलीं होतीं. एकांत वेल शेजारच्या झुडुपावर चढलेली आहे, दोन घट उन्हांत लालसर दिसत आहेत, आणि मागें दरींत ढग उतरलेला आहे. तें चित्र आम्हीं सज्ज्याच्या दाराशीं लाविलें आहे.

ज्यांना ही वेल पाहण्याची हौस आहे, त्यांनीं मेघालयाच्या प्रवासांत ती तिच्या जागीं पाहावी. ज्यांना घटपर्णी वाढविण्याची हौस आहे, त्यांनीं छाटकलमांची वा उतिसंवर्धनाची संकरित जात घ्यावी, आणि विकत घेतांना विक्रेत्यास निःसंकोचपणें विचारावें कीं, हें रोप कोठें व कशापासून तयार झालें. उत्तर देतांना जो घुटमळेल, त्याच्याकडून घेऊं नये. खासी टेंकड्यांच्या वेलीचींही रोपें रानाला हात न लावतां करतां येतात. पालोड येथेंच १९९४ सालीं उतिसंवर्धनानें तिचीं अनेक रोपें केल्याचें प्रसिद्ध झालेलें आहे. अशीं रोपें कधीं कायदेशीर रीतीनें सर्वांस मिळूं लागलीं, तर मी पहिल्या दिवशीं रांगेंत उभा राहीन.

हें लिहीत असतां मार्गशीर्षांतील थंडी पडली आहे. वेलीची वाढ मंदावली आहे. दोन घट शिल्लक आहेत, आणि एका नव्या दोरीच्या टोकाशीं पुन्हां जोंधळ्याचा दाणा दिसूं लागला आहे. थंडींत तो वाढेल किंवा तसाच वाळेल. पिंपांत हातभर पाणी उरलें आहे. खताचा डबा मीं खालच्या माळ्यावर नेऊन ठेविला आहे.

पुढील अंकीं कुंडींतील गुलाबाच्या छाटणीविषयीं. तेथें मात्र तो डबा पुन्हां वर आणावा लागेल.